मांडव उतरल्यावर काय उरतं?

जून उजाडला की बेळगावात पर्यावरणाच्या कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. ५ जूनला पर्यावरण दिनाची रोपं लागतात, जुलैत वनमहोत्सव येतो, गणेशोत्सवाच्या तोंडावर शाडूच्या मूर्ती घडवण्याच्या कार्यशाळा भरतात, थंडी पडली की सायकल फेऱ्या निघतात आणि अधूनमधून एखाद्या रविवारी कुणी ना कुणी तलावाच्या काठचं प्लास्टिक वेचत असतं. कॅम्पात, म्हणजे छावणीच्या भागात, तर अशा कार्यक्रमांना लागणारं सगळं हाताशी आहे. जुन्या शाळा आहेत, मोकळी मैदानं आहेत, सावलीचे रस्ते आहेत आणि १८३२ पासूनच्या छावणीमुळे शिस्तीची सवयही आहे. उत्साहाची वाण इथे नाही. विचारायचं ते इतकंच, की हा उत्साह दरवर्षी नव्याने का सुरू करावा लागतो? मागच्या वर्षीच्या कामावर या वर्षीचं काम का चढत नाही? या लेखाचं म्हणणं असं आहे की हवामानबदलाच्या नावाने होणाऱ्या स्थानिक कार्यक्रमाचं मोल जमलेल्या गर्दीवरून ठरत नाही. मांडव उतरल्यावर गावाच्या हाती काय राहिलं आणि ते सांभाळायला कोण राहिलं, यावरून ते ठरतं. कसोटी कडक आहे, पण ती बेळगावला परकी नाही. या शहराने शंभर वर्षांपूर्वीच ती पार केली आहे.

डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन बेळगावात भरलं. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची धुरा वाहिली. टिळकवाडीच्या परिसरात ‘विजयनगर’ नावाची तात्पुरती वसाहत उभी राहिली. देशभरातून येणाऱ्या हजारो माणसांना पाणी कुठून द्यायचं, हा यजमानांपुढचा पहिला प्रश्न होता, आणि त्यासाठी तिथेच एक मोठी विहीर खोदली गेली. विजयनगर साम्राज्याच्या इतिहासाला साजेसं ‘पंपा सरोवर’ असं तिचं नाव ठेवलं. तिच्या खर्चाचा आकडा ४,३७० रुपये ३ आणे असा सांगितला जातो. अधिवेशन दोन दिवसांत आटोपलं, तंबू उतरले, पाहुणे गेले. विहीर मात्र राहिली आणि पुढे ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ते अधिवेशन काही पर्यावरणाचं नव्हतं. तरीही मोठ्या मेळाव्याने यजमान गावावर भार न टाकता त्याच्या पदरात काय टाकावं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण. पाहुण्यांची गरज आणि गावाची गरज एकाच खोदकामात भागली.

या विहिरीची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. घरोघरी नळ आले, राकसकोप धरणाचं आणि नंतर हिडकल धरणाचं पाणी शहरात आलं, तशा शहरातल्या जुन्या विहिरी विस्मरणात गेल्या. कुठे गाळ साचला, कुठे निर्माल्य आणि कचरा पडला. १९९५ च्या सुमारास बेळगावला तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली, तेव्हा शहराला या विहिरी आठवल्या. काँग्रेस विहिरीचा गाळ उपसला गेला, पाणी तपासलं गेलं, पंप बसले. तिच्या पाठोपाठ शहरातल्या इतर सार्वजनिक विहिरीही महापालिकेने टप्प्याटप्प्याने वापरात आणल्या, आणि त्यासाठी गोवा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या अभ्यासकांचा सल्ला घेतला. सत्तर वर्षांपूर्वीच्या मेळाव्याने मागे ठेवलेली वस्तू अडचणीच्या काळात अशी कामाला आली. पण नीट पाहिलं तर यात दोन धडे आहेत. वस्तू मागे राहिली म्हणून शहर सावरलं, हा पहिला. आणि मधली कित्येक वर्षं तिला वाली नव्हता म्हणून टंचाई येईपर्यंत ती गाळात होती, हा दुसरा. वस्तू आणि तिचा सांभाळ या दोन्ही गोष्टी लागतात. यातली एकच असेल तर काम अर्धं राहतं.

आता या सगळ्याचा हवामानबदलाशी संबंध काय, असं कुणी विचारेल. बेळगावपुरतं बोलायचं तर सगळा संबंध तोच आहे. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की ती साधारण सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मधले कोरडे दिवस लांबतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. बेळगावने ही दोन्ही टोकं चार वर्षांच्या अंतराने पाहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराने जिल्ह्याची दैना केली, आणि २०२३ मध्ये पाऊस लांबल्याने जूनमध्ये राकसकोपची पातळी चिंता वाटावी इतकी खाली गेली. इथलं पावसाचं सरासरी मान वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या पुढे आहे, जमिनीत पाणी झिरपू देणारा जांभा आहे, जुने तलाव आणि विहिरी आहेत. म्हणजे पाणी साठवण्याची निसर्गदत्त सोय आहे. ती काँक्रीटखाली गेली तर तेच पाणी रस्त्यांवरून बळ्ळारी नाल्यात जातं आणि शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातलं भातपीक कुजवतं. नाल्याची सफाई, तलावाचा गाळ, विहिरीची पातळी हीच बेळगावच्या हवामानबदलाची भाषा आहे.

वस्तू आणि तिचा सांभाळ या कसोटीला आपले नेहमीचे कार्यक्रम लावून पाहू. वृक्षारोपणापासून सुरुवात करायला हवी, कारण तोच सर्वांत लाडका. जूनच्या ओल्या मातीत लावलेलं रोप ऑक्टोबरपर्यंत कुणाच्याही मदतीशिवाय हिरवं राहतं, म्हणून पावसाळ्यातला फोटो नेहमी यशस्वी दिसतो. खरी परीक्षा फेब्रुवारीनंतर सुरू होते. जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर खाली उतरतं. खड्डा उथळ असेल आणि त्यात पोयट्याची माती, शेणखत पडलेलं नसेल तर रोपाची मुळं त्या पाण्याचा पाठलाग करू शकत नाहीत. आळ्यात गवत माजलं की उरलेली ओल तेच पितं. मार्च ते मे या महिन्यांत आठवड्यातून दोन वेळा बादलीभर पाणी मिळालं, आळ्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन राहिलं, तर रोप तगतं. असे दोन-तीन उन्हाळे काढले की मग त्याला माणसाची फारशी गरज उरत नाही. शेवटी लोखंडी जाळी वेळेवर काढायचीही आठवण लागते, नाहीतर ती वाढत्या खोडात रुतते आणि रक्षणासाठी लावलेली वस्तूच झाडाला कापते. कॅम्पातल्या मोठ्या झाडांची सावली आज आपण भोगतो ती कुणीतरी अशी नेमाने पाखर घातली म्हणून. तेव्हा ५ जूनच्या कार्यक्रमात पाचशे रोपं लावण्यापेक्षा पन्नास लावावीत, प्रत्येकाची जबाबदारी शेजारच्या घरावर, दुकानावर किंवा शाळेच्या वर्गावर नावानिशी सोपवावी, आणि पुढच्या ५ जूनला आधी जगलेल्या झाडांची मोजणी करून मगच नवा खड्डा घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत मोजणी आणखी सोपी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही. दोरीला वजन बांधायचं, दर फुटावर गाठ मारायची, विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी उतरल्या ते मोजायचं आणि तारखेसह तिथल्याच भिंतीवर रंगाने लिहायचं. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतं. गल्लीतल्या, शाळेतल्या, देवळातल्या विहिरी दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी मोजायला कुणाची हरकत असणार? दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की पाऊस किती मुरला, उपसा कुठे वाढला, कोणती विहीर उन्हाळ्यात हमखास साथ देते, हे भिंतीवरच दिसू लागतं. त्याला जोड छपरांच्या पाण्याची. हजार चौरस फुटांच्या छपरावर १,२०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं, तरी वर्षाला सुमारे ९० हजार लिटर पाणी हाती येतं. गाळणी बसवून ते विहिरीत सोडण्याचं प्रात्यक्षिक एका रविवारी एका घरी दाखवता येतं आणि ते बघून पुढच्या पावसाळ्यात आणखी चार घरं तसं करू शकतात. जिल्ह्यातल्या जलाशयांचा गाळ काढण्याचं काम प्यास फाउंडेशनसारखी इथलीच संस्था करत आली आहे, म्हणजे अनुभवी माणसंही लांब शोधायला नकोत.

पण बेळगावातला सर्वांत मोठा पर्यावरणाचा कार्यक्रम पर्यावरणाच्या नावाने होतच नाही. तो आहे गणेशोत्सव. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने १९०५ मध्ये झेंडा चौकात इथला सार्वजनिक उत्सव सुरू झाला, असं बेळगावकर अभिमानाने सांगतात. आज गल्लोगल्ली मंडळं आहेत आणि विसर्जनाची मिरवणूक रात्र उलटून दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. कपिलेश्वर तीर्थ, जक्कीन होंडा अशा ठिकाणी मूर्ती पाण्यात उतरतात. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजून पाणी काढलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा घट्ट जिप्सम होतं, आणि जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून अशी मूर्ती महिनोन्‌महिने तळाशी पडून राहते. शाडूची मूर्ती काही तासांत सुटते, पण तिचीही माती तळाशीच बसते आणि रंग विषारी असतील तर ते पाण्यात उतरतात, त्यामुळे केवळ मूर्तीची माती बदलून प्रश्न पुरता सुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये या मूर्तींबाबत सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, कर्नाटकाच्या मंडळाने त्याआधीच २०१६ मध्ये पाऊल उचललं होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवण्याची रीत दिली. तिच्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून वापरता येणारं अमोनियम सल्फेट मिळतं. निपाणीच्या पलीकडे कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी मूर्तिदान आणि निर्माल्यदान वर्षानुवर्षं चालू आहे. तेव्हा वेगळा पर्यावरण महोत्सव भरवण्याआधी या उत्सवातली एकेक रीत बदलणं अधिक फळ देईल. गणेश मंडळाकडे माणसं आहेत, वर्गणी आहे, पंचांचा शब्द आहे आणि पुढल्या वर्षी पुन्हा भेटण्याची खात्री आहे. कोणत्याही नव्या समितीला या चार गोष्टी एकत्र मिळत नाहीत.

कचऱ्याचंही तसंच. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अशी तरतूद आली, की परवाना नसलेल्या जागी शंभरहून अधिक माणसांचा कार्यक्रम करायचा तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामकाजाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा जागच्या जागी वेगळा करावा. मैदानातला महाप्रसाद असो की वाढदिवसाचा मांडव, ही जबाबदारी यजमानाची ठरते. शहराचा कचरा तुरमुरीच्या डेपोत जातो. ओला आणि सुका एकत्र गेला की ढिगाच्या पोटात हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून जास्त आहे. शिवाय त्या ढिगाचा वास आणि झिरपा ज्यांच्या वाट्याला येतो ती माणसं शहरातल्या मांडवात जेवायला आलेली नसतात. म्हणून पर्यावरणाच्या कार्यक्रमात पाण्याच्या छोट्या प्लास्टिक बाटल्या वाटल्या गेल्या, उरलेलं अन्न आणि कागदी कप एकाच पिशवीत भरले गेले, तर व्यासपीठावरचं भाषण तिथल्या तिथे खोटं पडतं. ओल्या कचऱ्याचं पिंप वेगळं ठेवणं, ते जवळच्या खतखड्ड्यात रिकामं करणं आणि दोन-तीन महिन्यांनी तेच खत लावलेल्या झाडांना घालणं, एवढं एका वर्षात पार पडलं तरी कार्यक्रम पदरात काहीतरी टाकून गेला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: चार विहिरी आणि पन्नास झाडांनी जगाचं तापमान उतरणार आहे का? हे काम सरकारांचं आणि मोठ्या उद्योगांचं आहे. आक्षेपातला पहिला भाग खरा आहे. भारतातलं दरडोई कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. बेळगावने कितीही झाडं लावली तरी पृथ्वीच्या ताळेबंदात त्याची नोंद नगण्यच राहील. पण म्हणूनच इथल्या कार्यक्रमांचा रोख बदललेल्या पावसात शहर टिकवण्याकडे हवा. जगाचं तापमान आपल्या हाती नाही. वळिवाच्या सरीत नाला तुंबेल की नाही आणि मे महिन्यात विहिरीला पाणी असेल की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. आणि सरकारने करायचं ते सरकारने करावं, यासाठीही नागरिकांच्या हातात नोंद लागते. जुन्या विहिरी महापालिकेने सावरल्या, नागरिकांच्या फावड्याने तेवढं काम उठलं नसतं. पण ‘पाणी कमी आहे’ ही तक्रार आणि ‘या विहिरीची पातळी दोन वर्षांत इतक्या फुटांनी उतरली’ ही तारीखवार नोंद, यांतल्या दुसरीला अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. प्रत्येक गोष्टीचा हिशेब मागितला तर लोकांचा उत्साह मावळेल, जनजागृती हेदेखील फळच नाही का, असं आयोजक म्हणतात. महाराष्ट्राचा अनुभव वेगळं सांगतो. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोचली. तिथे आधी गावकऱ्यांना प्रशिक्षण होतं, मग ४५ दिवसांचं श्रमदान आणि प्रत्येक कामाला गुण. मोजमाप होतं म्हणूनच गावं ईर्ष्येने उतरली. तिची मर्यादाही सांगायला हवी. श्रमदान आणि खोदकाम मोजणं सोपं, पण साठलेलं पाणी पुढे कसं वापरलं जातं हे मोजणं आणि आवरणं अवघड, आणि तिथे स्पर्धा अपुरी पडते. त्यापुढचं पाऊल हिवरे बाजार या गावाने आधीच टाकलं होतं. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं, हा तिथला शिरस्ता आहे. तो ताळेबंद म्हणजे खऱ्या अर्थाने वार्षिक कार्यक्रमच, कारण त्यात आकडे ऐकल्यावर निर्णय होतो. जागृती हवीच. पण जागं झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी करायला काम दिलं नाही, तर ती जागृती पुढच्या जूनपर्यंत टिकत नाही.

तिसरा आक्षेप कॅम्पापुरता खास आहे. कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाकडे. भोवतालचं शहर महापालिकेकडे. नाल्याकाठचं शिवार पुढे ग्रामपंचायतींकडे. त्यात भाषा मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी. मग जबाबदारी कुणावर टाकायची? केंद्र सरकारने २०२३ पासून छावण्यांमधल्या नागरी वस्त्या लगतच्या स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचं धोरण हाती घेतलं आणि हिमाचल प्रदेशातल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. त्यामुळे या हद्दी बदलत्याही आहेत. पण हद्द बदलली तरी उतार बदलत नाही. उंचावरच्या मैदानावर पडलेलं पाणी खालच्या पेठेत आणि तिथून शिवारात जाणारच. म्हणूनच कार्यक्रमाच्या समितीत वरच्या आणि खालच्या दोन्ही वस्त्यांची माणसं हवीत. नाला कुठे तुंबतो हे पौरकार्मिकांना ठाऊक असतं, कोणत्या गल्लीला पाणी कमी पोचतं हे व्हॉल्व्हमनला, आणि नाल्याचं पाणी शेतात किती दिवस उभं राहिलं हे वडगावच्या शेतकऱ्याला. त्यांना व्यासपीठावर बोलावून आधी ऐकावं आणि फलक मराठी व कन्नड दोन्हींत लावावेत. ज्या शहरात भाषेच्या प्रश्नाने इतकी वर्षं माणसं दुरावली, तिथे विहिरीच्या भिंतीवरचा आकडा दोन्ही भाषकांना सारखाच वाचता येतो, हे थोडं नाही.

तेव्हा यंदा बेळगावात कुणी पर्यावरणाचा कार्यक्रम ठरवत असेल, तर निमंत्रणपत्रिका छापण्याआधी समितीने तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. या कार्यक्रमानंतर गावाच्या हाती कोणती वस्तू, सवय किंवा नोंद राहणार? ती वर्षभर कोण सांभाळणार, नावानिशी? आणि पुढच्या वर्षी तिचा हिशेब कुठे, कोणासमोर वाचला जाणार? उत्तरं देता आली तर पंचवीस माणसांचा कार्यक्रमही मोठा आहे. देता आली नाहीत तर कार्यक्रम पुढे ढकलावा आणि आधी उत्तरं शोधावीत. दर ५ जूनला नव्या शपथेऐवजी जुना हिशेब आधी वाचण्याची प्रथा कॅम्पातल्या एका शाळेने जरी पाडली, तरी मुलं दहावीपर्यंत पोचेतो शाळेच्या हाती पाच-सहा वर्षांची नोंद असेल. बदलत्या पावसाला तोंड देताना शहराला भाषणांपेक्षा अशी नोंद अधिक उपयोगी पडते, आणि ती तयार करायला कुणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.